पाणी अडवा आणि माणशी वाटा



"आमच्याकडं पाऊसच नाही, तर बागायत कसली करता?" असे दुष्काळी मुलखातला शेतकरी म्हणतो. आधी हिशेब करून पाहू. गुरुजींनी हे गणित मुलांना फळ्यावर घालावे. एक एकर रानावर एक इंच पाऊस झाला, तर सुमारे १ लाख लिटर पाणी पडते. वर्षाला १५ इंच धरले, तरी एकरी १५ लाख लिटर! पण उतारावरचे पाणी घटकाभरात ओढ्याला जाते, अन् जाताना चांगली माती घेऊन जाते.

ते धरायचे तर काम माथ्यावरून सुरू करावे. उतारावर समपातळीत बांध घालावेत, म्हणजे पाण्याचा वेग मोडतो. त्याखाली नाल्यांना बांध, आणि खाली पाझर तलाव. उन्हाळ्यात हा तलाव आटला, तर हळहळू नये. त्यातले मुरलेले पाणी खालच्या विहिरींना लागते, तेच त्याचे काम.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावी इंजिनियर विलासराव साळुंखे यांनी हेच केले. देवस्थानची ४० एकर माळजमीन कराराने घेऊन बांध घातले, पाझर तलाव केला, त्याखाली विहीर काढली. माळ पिकू लागला.

पण खरा प्रश्न पुढेच होता. पाऊस साऱ्या शिवारावर पडतो. मग अडवलेले पाणी ज्याची विहीर खोल त्यानेच का उपसावे? यातून 'पाणी पंचायत' निघाली. तिचे नियम साधे. पाणी जमीन पाहून नाही, माणसे मोजून द्यायचे : माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस लावायचा नाही. कारण एकरभर उसाच्या पाण्यावर ज्वारी-बाजरीचे कितीतरी एकर निघतात.

बांध एका उन्हाळ्यात होतो. वाटणीला मात्र सारे गाव एका जागी बसावे लागते. म्हणून पहिला टिकाव मारण्याआधीच चावडीवर बसा, घरटी माणसे मोजा, आणि कुणाला किती पाणी ते कागदावर लिहून घ्या. पाणी आल्यावर ही बोलणी फार जड जातात.