फ्लोराच्या अंगावरचा रंग

दगडाला तेलरंग फासला की वरून तो काही वर्षं गोरागोमटा दिसतो आणि आतून खचत जातो. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनच्या वाट्याला कित्येक दशकं हेच आलं. कोटाचं चर्चगेट होतं तिथे 1864 साली उभं राहिलेलं हे कारंजं, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडाचं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, घडवलं जेम्स फोरसिथ यांनी. पुढे ते शुभ्र दिसावं म्हणून रंगाच्या थरावर थर चढत गेले.

पोर्टलंड म्हणजे चुनखडीचाच दगड. तीच चुनखडी जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं आणि दाबानं बदलली की संगमरवर होतो. दोघांचंही आम्लाशी वैर. आमच्या तळोज्यात नव्या इमारतींत संगमरवर घासणारे कारागीर हे बरोबर ओळखतात. ओट्यावर लिंबाची फोड राहिली, तर तिथली चकाकी उडून निस्तेज डाग पडतो. कारागीर त्यावरून बोट फिरवतो आणि सांगतो, "पुसून जाणार नाही, घासावंच लागेल." कारण तो डाग वरून पडलेला नसतो, तिथला दगडच खाल्लेला असतो.

शहराच्या हवेतला गंधकाचा वायू दमट हवेत हेच काम सावकाश करतो. चुनखडीचं जिप्सम होतं, त्यात काजळी अडकते आणि काळी खपली धरते. आमच्या तळोज्याजवळच्या पेंधरहून मेट्रोनं बेलापूर गाठावं, हार्बर लोकलनं सीएसएमटी, आणि फ्लोरा उभी आहे त्या हुतात्मा चौकात जाऊन चुनखडीच्या दगडाचं जुनं कोरीवकाम निरखावं. पाणी जिथून धावतं तिथे दगड फिकट पण झिजलेला. चुण्यांच्या आत, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे खपली.

तेलरंगानं यात भर घातली. दगड पाणी शोषतो, ते उडून जायला त्याची छिद्रं मोकळी हवीत. ती बुजली की ओल आत कोंडते, क्षारांचे स्फटिक कातडीखाली फुगतात आणि पापुद्रे सुटतात. म्हणून गेल्या जीर्णोद्धारात रंग खरवडून मूळ दगड उघडा केला, हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. जानेवारी 2019 मध्ये फ्लोरा पुन्हा खुली झाली. 

पांढऱ्याधोप फ्लोराची सवय असलेल्यांना आताचा दगड मळकट वाटेल. तो मळ नाही, ती पोर्टलंडची मूळची करडी-पिवळसर छटा आहे. ती झाकायला कुणी पुन्हा रंगाचा डबा आणला, तर नागरिकांनी तिथेच हरकत घ्यायला हवी.