घडीव अ‍ॅल्युमिनियमचा चिवटपणा

कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन गुण आपण बोलताना बहुधा एकच समजतो. धातुशास्त्रात मात्र ते निराळे आहेत. काच कठीण असते, पण चिवट नसते. धातूत बारीकशी चीर पडली असता ती पुढे धावू न देण्याची जी शक्ती, तिला आपण येथे चिवटपणा म्हणू. विमानाच्या चाकांचा किंवा पंखाच्या मुळाचा भाग नुसता कठीण असून भागत नाही. चिवटपणा नसेल तर तो वाकून सूचना देत नाही, एकदम तुटतो. कुंभवली-बोईसरच्या आपल्या पट्ट्यात भट्टीजवळ आणि यंत्राजवळ काम करणारी माणसे पुष्कळ आहेत; म्हणून हा विषय केवळ पंडितांचा नव्हे.

लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा पोलाद तत्काळ कठीण होते. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे तसे नाही. तो तापवून पाण्यात बुडविला तर मऊच निघतो आणि पुढे ठेवल्या ठेवल्या हळूहळू कठीण होत जातो. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यास हा गुण आढळला आणि त्यातूनच ड्युरॅल्युमिन निघाले. लोणचे मुरावे तसा हा धातू मुरतो. पाण्यात एकाएकी थंड केल्यामुळे तांबे, जस्त, मॅग्नेशियम ही द्रव्ये धातूत विरघळलेलीच अडकून पडतात. पुढे त्यांचे अतिसूक्ष्म पुंजके बनतात आणि ते धातूला बळ देतात.

हे बळ वाढविताना चिवटपणा कोठे हरवतो, ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट शुद्धतेची. लोह आणि सिलिकॉन यांचे ठिसूळ कण धातूत राहतात व चीर तेथूनच सुरू होते. उष्णतेने लोहाचे हे कण विरघळत नाहीत. म्हणून मूळ धातूच स्वच्छ हवा. ७०७५ या प्रसिद्ध मिश्रधातूत लोह ०.५ टक्क्यापर्यंत चालते, तर त्याच्याच ७१७५ या सुधारलेल्या भावंडात ०.२ टक्क्याच्या वर चालत नाही. इतर द्रव्ये ओतीव लगडीत गोळा झालेली असतात. ती सर्वत्र सारखी पसरावीत म्हणून लगड घडण्यापूर्वी कित्येक तास तापवून ठेवतात.

दुसरी गोष्ट घडाईची. सुमारे ४०० अंशांवर दाबताना धातूचे कण लांबट होतात आणि लाकडाच्या रेषांप्रमाणे धातूलाही रेषा येतात. रेषांच्या आडव्या जाणाऱ्या चिरेला धातू चांगला अडवतो. रेषांच्या बाजूने जाणाऱ्या चिरेला मात्र तो तितका अडवीत नाही. जाड तुकड्यात हा चिवटपणा पुष्कळदा सुमारे दोन-तृतीयांशच भरतो. म्हणून साचा आखतानाच मुख्य ताण कोणत्या दिशेने येणार हे ठरवावे लागते.

तिसरी गोष्ट पाणी देण्याची. येथे सेकंदांचा हिशेब आहे. सुमारे ४७० अंशांच्या भट्टीतून काढलेला तुकडा जाडीप्रमाणे पाच ते पंधरा सेकंदांत पाण्यात गेला पाहिजे. उशीर झाला तर द्रव्ये कणांच्या सीमांवर साचतात आणि चिरेला आयतीच वाट मिळते. अगदी थंड पाण्यात जाड तुकडा वेडावाकडा होतो व त्यात ताण राहतो, म्हणून घडीव भागांसाठी ६० ते ७० अंशांचे पाणी वापरतात. पाणी त्याहून तापू दिले तर थंडावण्याचा वेग कमी होऊन चिवटपणा जातो. भट्टी जास्त तापली तर कणांच्या सीमाच वितळू लागतात. त्यावर मग इलाज नाही.

चौथी गोष्ट मुरविण्याची. १२० अंशांवर २४ तास ठेवले की ७०७५ ला जवळजवळ सर्वांत जास्त बळ येते. त्याऐवजी प्रथम सुमारे १०७ अंशांवर व नंतर सुमारे १७७ अंशांवर ठेवले तर बळ शेकडा दहा-पंधरा घटते. पण चिवटपणा काहीसा वाढतो आणि ताणाखाली गंजून चिरण्याचे भय पुष्कळ कमी होते. समुद्राच्या खाऱ्या हवेत वावरणाऱ्या भागासाठी हा सौदा महाग म्हणता येणार नाही.

या सर्वांत फसवी गोष्ट अशी की, कठीणपणा मोजणारे यंत्र हे दोष नेहमी दाखवीत नाही. पाणी उशिरा दिलेला तुकडाही मुरल्यावर पुरेसा कठीण भरू शकतो. नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. तसल्या ठिकाणी लागणाऱ्या भागांचा चिवटपणा पाहावयाचा तर नमुन्याला मुद्दाम चीर पाडून, आडव्या दिशेनेही तो तोडून पाहावा लागतो. आणि भट्टीवरच्या माणसाने अंश व सेकंद वहीत खरे लिहिलेले असावे लागतात. ज्याच्या हातून ती वही भरली जाते, त्याच्यावर विमानात बसणाऱ्या अनोळखी माणसांचा जीव काही अंशी अवलंबून असतो.