दोनशे वर्षांची नोंदवही

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर सुमारे ६,४०० हेक्टरचं एक जंगल संशोधनासाठी राखून ठेवलेलं आहे. त्याचं नाव एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक वन. डग्लस फर, हेमलॉक, रेड सीडर या सूचिपर्णी वृक्षांचं हे जंगल. त्यातल्या काहींचं वय पाचशे वर्षांच्या घरात. १९४८ साली या वनाची स्थापना झाली. १९८५ मध्ये मार्क हार्मन या शास्त्रज्ञाने इथे चार जातींचे पाचशेहून अधिक ओंडके ठिकठिकाणी ठेवले. पडलेलं झाड मातीला मिळायला किती काळ लागतो आणि त्यातला कार्बन कुठे जातो, हे त्याला पाहायचं होतं. प्रयोगाची मुदत २०० वर्षं!

इतकी लांबची मुदत लागते, कारण अशा जंगलातला बदल रोज तिथे वावरणाऱ्या वनरक्षकालाही जाणवत नाही. समजा, वर्षाला हजारात पाच झाडं मरत होती, ती दहा मरू लागली. तरी जंगल हिरवंगारच दिसणार. २००९ साली फिलिप व्हॅन मॅंटगम, नेथन स्टीफन्सन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम अमेरिकेतल्या जुन्या जंगलांमधल्या ७६ कायम तुकड्यांच्या नोंदी एकत्र मांडल्या. झाडांच्या मरणाचं प्रमाण बहुतेक ठिकाणी वाढलेलं होतं, आणि भागाभागानुसार १७ ते २९ वर्षांत ते दुप्पट होईल अशा वेगाने. वाढतं तापमान आणि त्यामुळे झाडांना पडणारी पाण्याची ओढ हे त्याचं संभाव्य कारण. आधीच्या पिढ्यांनी एकेका झाडावर क्रमांक टाकला नसता, तर हे कळलंच नसतं.

म्हणून निरीक्षणाचा आराखडा करताना आधी प्रश्न ठरवायचा, मग उपकरणं. तुकडे निवडताना फक्त देखणे वृक्ष किंवा रस्त्यालगतची सोयीची जागा घेऊन चालत नाही. उंची, उतार, माती यांचे गट पाडून त्यांतून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करावी लागते. कोपऱ्यांवर पक्के खुंट हवेत, पुढच्या माणसाला तीच जागा सापडायला हवी.

बारीकसारीक गोष्टींवरच सगळं उभं असतं. बुंध्याचा व्यास जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात, आणि दर वेळी नेमक्या त्याच जागी. क्रमांकाचा बिल्ला ठोकताना खिळा पूर्ण आत घालत नाहीत. झाड जाड होत जातं आणि पुढे सालच बिल्ला गिळून टाकते. काही झाडं दुसऱ्या चमूकडून पुन्हा मोजून घेतात, म्हणजे मोजणाऱ्याची चूक किती आणि झाडाची वाढ किती हे वेगळं काढता येतं. पद्धत बदलायचीच झाली, तर काही काळ जुनी आणि नवी दोन्ही शेजारी चालवायची. शिवाय आकड्यांबरोबर ते कसे घेतले हेही लिहून ठेवायचं.

ऑगस्ट २०२३ मध्ये वीज पडून लागलेला लुकआउट वणवा अँड्र्यूज वनाच्या सुमारे ७० टक्के भागात पसरला. हानी मोठी होती. पण आगीपूर्वी कुठे कोणतं झाड होतं, ओढ्यांना पाणी किती होतं, याच्या अनेक दशकांच्या नोंदी हाताशी होत्या. जळालेलं जंगल कसं सावरतं हे पडताळायला असा आधार फार थोड्या ठिकाणी मिळतो.

हे वन १९८० पासून अमेरिकेच्या दीर्घकालीन परिसंस्था संशोधन कार्यक्रमात आहे; तरी तिथेही निधीचं नूतनीकरण ठरावीक वर्षांनी करावंच लागतं. झाडांचं आयुष्य शतकांचं आणि अनुदानाचं मोजक्या वर्षांचं, ही या कामातली खरी अडचण. त्यामुळे तंगीच्या वर्षीही खंड पडू द्यायचा नाही अशा चार-पाच मोजण्या कोणत्या, आणि आपल्यानंतर हे काम कोण पाहणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर यायला हवं. जंगलाभोवती कुंपण घालून, ‘राखीव’ अशी पाटी लावून आपली जबाबदारी संपत नाही. आत काय घडतंय हे सातत्याने पाहणारं कोणी असेल, तरच ते राखणं खरं.