१०० किलो सीताफळ आणलं, गर किती निघाला? घटीची टक्केवारी शीटमध्ये अशी काढा



व्हिडिओत आपण वजनातली घट काढायचं सूत्र पाहिलं. ते इथे लिहून देतोय, म्हणजे शीट समोर उघडून एकेक स्टेप करता येईल.

उदाहरण घेऊ कपिलधारच्या भागातलं. बीडजवळ मांजरसुंब्याच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात हे ठिकाण आहे. धबधबा आणि मन्मथ स्वामींची समाधी यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. याच डोंगररांगांत सीताफळ पिकतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे फळ फार नाजूक. झाडावरून उतरवलं की दोन-चार दिवसांत पिकतं आणि लगेच मऊ पडतं. म्हणून बरेच जण गर काढून विकायचा विचार करतात. आइस्क्रीमवाले, रबडीवाले गर घेतात. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत स्टॉल लावायचा कुणाचा बेत असतो.

धंदा चांगला आहे. फक्त भाव ठरवताना घट नीट धरली नाही, तर दर किलोमागे खिशातून पैसे जातात आणि कळतही नाही.

आधी शीट मांडा

गुगल शीट असो की एक्सेल, पद्धत तीच. पहिल्या ओळीत नावं लिहा:

- ए: तारीख
- बी: आणलेलं फळ (किलो)
- सी: नासकं काढून उरलेलं फळ (किलो)
- डी: निघालेला गर (किलो)
- ई: एकूण घट टक्के
- एफ: फळाचा खरेदी भाव (रुपये किलो)
- जी: एक किलो गराला पडलेलं फळ (रुपये)

आता ई२ मध्ये हे सूत्र टाका: =(बी२-डी२)/बी२

इथे वाचायला सोपं म्हणून मराठीत लिहिलंय. शीटमध्ये कॉलमची अक्षरं, आकडे आणि सूत्रांची नावं इंग्रजीतच टाइप करा.

एंटर मारल्यावर ०.६४ असा आकडा दिसेल. वर टक्क्याचं बटण आहे ते दाबा, ६४% दिसेल. सूत्रात वेगळं १०० ने गुणू नका. गुणलं आणि वर बटणही दाबलं, तर ६४००% दिसतं.

भागायचं नेहमी सुरुवातीच्या वजनाने. घट कशातून झाली? आणलेल्या फळातून. मग भागाकारही आणलेल्या फळानेच.

आता खरा हिशोब

समजा, ३० रुपये किलोने १०० किलो फळ आणलं. ३,००० रुपये गेले. १० किलो नासकं निघालं, उरलं ९०. साल आणि बिया काढून गर आला ३६ किलो. घट झाली ६४ टक्के.

इथे बरेच जण म्हणतात, "६४ टक्के घट आहे ना, मग ३० रुपयांवर ६४ टक्के वाढवा." म्हणजे ४९ रुपये २० पैसे. हा हिशोब चुकीचा आहे. ३,००० रुपये ३६ किलोवर वाटून बघा: ८३ रुपये ३३ पैसे येतात. किलोमागे ३४ रुपयांचा फरक! एका दिवसाच्या ३६ किलोवर बाराशेहून जास्त रुपये गेले. मजुरी, वीज, डबे, बर्फ हे तर अजून धरलेलंच नाही.

म्हणून जी२ मध्ये लिहा: =एफ२/(१-ई२)

घट जोडायची नसते, उरलेल्या भागाने भागायचं असतं. ६४ गेले, ३६ उरले, तर ३० ला ०.३६ ने भागा.

ऑर्डर घेतानाही हेच. ५० किलो गराची ऑर्डर आली तर फळ किती आणायचं? ५० भागिले ०.३६, म्हणजे साधारण १३९ किलो. ५० वर ६४ टक्के वाढवून ८२ किलो आणलं, तर गर निघेल साडेएकोणतीस किलो. मग गिऱ्हाइकाला काय सांगणार?

घट नेमकी कुठे होते?

दोन कॉलम अजून वाढवा.

निवडीतली घट: =(बी२-सी२)/बी२, आपल्या उदाहरणात १०%.
गर काढतानाची घट: =(सी२-डी२)/सी२, म्हणजे ६०%.

१० आणि ६० मिळून ७० होत नाहीत, कारण दुसरी घट ९० किलोवर मोजलीय. एकूण घट ६४ टक्केच.

याचा उपयोग असा. निवडीतली घट वाढली, तर फळ जास्त पिकलेलं येतंय किंवा कॅरेटमध्ये दबतंय. गराची घट वाढली, तर फळ बारीक आहे किंवा सालीला, बियांना गर चिकटून जातोय. आधी दुखणं कुठलं ते कळलं, तर इलाजही बरोबर होतो.

महिन्याची सरासरी काढताना जपा

एका दिवशी १० किलोतून साडेचार किलो गर, घट ५५%. दुसऱ्या दिवशी १०० किलोतून ३६, घट ६४%. दोन्हींची सरासरी ५९.५% येते. पण एकूण ११० किलोतून गर ४०.५ किलोच निघाला, म्हणजे खरी घट ६३.२%. लहान बॅचला मोठ्या बॅचइतकंच वजन दिलं की असं होतं. टक्क्यांची सरासरी काढू नका, किलोंची बेरीज करून मग टक्का काढा:

=(सम(बी२:बी३१)-सम(डी२:डी३१))/सम(बी२:बी३१)

वजन करतानाची शिस्त

रिकामं भांडं काट्यावर ठेवून आधी शून्य करा. सकाळी आणि संध्याकाळी काटा एकच वापरा. आकडा तिथल्या तिथे लिहा, रात्री आठवून लिहू नका.

हीच शीट वाळवलेला कांदा, मेथी, मिरची, दुधाचा खवा, कशालाही चालते. फक्त दुसऱ्याचा टक्का उसना घेऊ नका. पावसाळी हवेतलं आणि उन्हाळ्यातलं वाळवण सारखं उतरत नाही.

या आठवड्याचं काम: तुमच्या मालाच्या पाच बॅच तोला, शीट भरा आणि आजचा विक्रीभाव जी कॉलमशी लावून बघा. त्यात मजुरी आणि पॅकिंग मिळवल्यावरही काही उरत असेल, तरच तो नफा.