चित्र अडतं कुठे? व्हीआर बॉक्सपासून आजपर्यंत

व्हीआर आमच्या भागात डब्याच्या रूपात आलं. गूगलने जून २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ जाहीर केला आणि वर्ष-दोन वर्षांत त्याची प्लास्टिकची भावंडं ‘व्हीआर बॉक्स’ या नावाने मोबाइलच्या दुकानांत दिसू लागली. दोन भिंगं, डोक्याला बांधायचा पट्टा आणि पुढच्या खाचेत आपलाच मोबाइल. आमच्या शेलूबाजार गावच्या पोरांनी तो हौसेने बांधला, मान फिरवली, पण समोरचं चित्र जागचं हललं नाही. सगळ्यांनी दोष दिला नेटला. खरं कारण फोनमध्ये होतं. मान किती वळली हे मोजणारा जायरोस्कोप तेव्हाच्या बऱ्याच स्वस्त फोनांत नसायचा. नेट कितीही पळालं असतं तरी ते चित्र हललं नसतं.

गेल्या दहा वर्षांकडे पाहताना ही पहिली चुकामूक मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे ती रूप बदलून होतच राहिली. चित्र अडलं की बोट टॉवरकडे. “नेट चालून नाही राह्यलं भाऊ,” एवढं म्हटलं की तपास संपला.

टॉवरला नावं ठेवायला तेव्हा कारणही होतं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, तोवर व्हिडिओ पाहायचा म्हणजे फिरतं चक्र पाहत बसायचं. गावोगाव फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्येच मंजूर झाली होती, तीच पुढे भारतनेट. पण घराघरांत फायबर खऱ्या अर्थाने आलं ते नंतर, आणि बरेचदा केबलवाल्याच्या खांबांवरून. वानरांनी लोंबकळून तोडलेली तार जोडायला माणूस कधी येईल, याची वाट पाहणं हा त्या जोडणीचाच भाग होता. तरी वेग वाढला हे नाकारता येणार नाही. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि शेलूबाजारला त्यावर चढायची-उतरायची वाट मिळाली. नेटचंही तसंच झालं आहे. गाडी महामार्गावर ताशी १२० ने येते, पण पुढे आपल्या गल्लीत बैलगाडीमागे थांबते. ही गल्ली म्हणजे घरातलं वायफाय.

दरम्यान डब्याची जागा खऱ्या हेडसेटने घेतली. मे २०१९ मध्ये ऑक्युलस क्वेस्ट आला, ऑक्टोबर २०२० मध्ये क्वेस्ट २. यांत मोबाइल खोचावा लागत नाही, संगणक लागलाच पाहिजे असंही नाही. भारतात कंपनीकडून त्यांची थेट विक्री बराच काळ नव्हती, त्यामुळे कुणी परदेशातल्या नातेवाइकाकडून आणायचा, कुणी ऑनलाइन दुसऱ्या विक्रेत्याकडून. एप्रिल २०२१ मध्ये ‘एअर लिंक’ आली आणि संगणकावरचा खेळ तारेशिवाय, वायफायवरून हेडसेटमध्ये दिसू लागला. अडण्याची खरी कहाणी इथून सुरू होते.

मोबाइलवर आपण चित्रपट पाहतो तेव्हा पुढचा काही सेकंदांचा भाग आधीच उतरून ठेवलेला असतो. नेट क्षणभर बसलं तरी कळत नाही. हेडसेटमध्ये संगणकावरून येणाऱ्या खेळाला ही सोय नाही. पुढचं चित्र तुमची मान कुठे वळते यावर ठरतं, ते आधी तयार करून ठेवताच येत नाही. सेकंदाला ९० चित्रं, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम ११ मिलिसेकंद. वायफायने पाव सेकंद दम खाल्ला तरी वीसेक चित्रं गळतात, डोळ्यांपुढचं जग थिजतं आणि पोटात ढवळतं. आणि हा सगळा प्रवास संगणक ते राउटर ते हेडसेट असा घरातल्या घरात होतो. त्यात बाहेरच्या नेटचा संबंधच नसतो. खेळ अडतो म्हणून महिन्याचा प्लॅन वाढवलेली घरं मी पाहिली आहेत आणि त्या पैशांची मला मनापासून हळहळ वाटते. पन्नास एमबीपीएसचे दोनशे केले तरी दोन खोल्यांमधली भिंत पातळ होत नाही.

भिंतीपेक्षाही मोठा अडथळा आपल्याकडे उन्हाळ्यात उभा राहतो, तो म्हणजे कूलर. वऱ्हाडातला कूलर म्हणजे माणसाच्या छातीइतका पत्र्याचा डबा, तीन बाजूंना ओल्या ताट्या आणि बुडाशी पाण्याची टाकी. पत्रा वायफायच्या लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. राउटर बैठकीत टीव्हीमागे, हेडसेट आतल्या खोलीत आणि मधल्या खिडकीत कूलर, अशी मांडणी असेल तर हिवाळ्यात सुरळीत चालणारा खेळ एप्रिलमध्ये अडखळायला लागतो. वर टिनाचं छत असलं की लहरी इकडून तिकडे आपटत राहतात. त्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला. हेडसेटची चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करते. तेव्हा चित्र उष्णतेने अडतं आणि शिव्या वायफायला बसतात.

म्हणून तपासाला क्रम हवा. आधी हेडसेटमध्ये उतरवून ठेवलेला एखादा खेळ वायफाय बंद करून चालवायचा. तोही अडला तर यंत्र तापलंय का, जागा भरलीय का, ते पाहायचं. तो सुरळीत चालला तर वायफाय सुरू करून, संगणकावरचा खेळ लावून राउटरसमोर दोन पावलांवर उभं राहायचं. तिथे ठीक आणि आत बिघडलं, की उत्तर मिळालं. लॅपटॉप आतल्या खोलीत त्याच वायफायला जोडून राउटरच्या पत्त्यावर, बऱ्याच ठिकाणी १९२.१६८.१.१, पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालवून ठेवायचं. आकडे दोन-चार मिलिसेकंदांवर स्थिर राहिले तर घर निर्दोष. मधूनच दीडशे-दोनशेची उडी दिसली तर दोष घरातच. स्पीड टेस्ट ही उडी नीट दाखवत नाही, ती सरासरी सांगून मोकळी होते.

बऱ्याच घरांत दोष सापडतो तो २.४ गिगाहर्ट्झमध्ये. या पट्ट्यात एकमेकांना न भिडणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेजाऱ्याचा राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे तिथेच. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये घराबाहेरच्या वापरासाठीही परवान्याविना खुला केला. तरी जोडणीसोबत मिळणारे स्वस्त राउटर पुढेही बराच काळ फक्त २.४ चेच असायचे. दोन्ही पट्ट्यांचा राउटर असेल तर दोन्हींना वेगळी नावं द्यावीत आणि हेडसेट फक्त ५ ला जोडावा, नाहीतर तो गुपचूप जुन्या गर्दीत परत जातो. ५ मध्येही ५२ ते १४४ हे चॅनल टाळलेले बरे. त्यांतल्या बहुतेकांवर रडारची चाहूल लागली की राउटरला नियमाने जागा सोडावी लागते.

काही वेळा दोष आपल्याही घरात नसतो आणि गावातही नसतो. ७ मार्च २०१८ ला ऑक्युलसच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरचे त्याच कंपनीचे रिफ्ट हेडसेट एका दिवसात बंद पडले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक काही तास ठप्प झालं, तेव्हा क्वेस्टही त्याच कंपनीचा म्हणून क्वेस्टवाल्यांचीही अडचण झाली. अशा दिवशी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही.

पहिला डबाही मधे एकदा परतला: २०२३ च्या आयपीएलचे सामने पाहायला जिओने १,२९९ रुपयांचा ‘जिओडाइव्ह’ आणला. त्यातही फोनच खोचायचा होता, पण तोवर बऱ्याच फोनांत जायरोस्कोप आला होता, त्यामुळे मान वळवली की मैदानही वळायचं.

पुढची वाट ६ गिगाहर्ट्झची. अमेरिकेने तो पट्टा एप्रिल २०२० मध्ये वायफायला दिला, भारतात त्याच्या खालच्या भागासाठी नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये आला. ऑक्टोबर २०२३ चा क्वेस्ट ३ तो पट्टा वापरू शकतो. मात्र त्या लहरी भिंतीपुढे ५ पेक्षाही लवकर दमतात. त्यामुळे आत्ता घर बांधणाऱ्यांना माझं सांगणं एकच: विजेचे पाइप स्लॅबमध्ये टाकतानाच बैठकीपासून आतल्या खोलीपर्यंत एक नेटवर्क केबल ओढून घ्या. संगणक त्या केबलने राउटरला जोडला की हवेतून जायचं उरतं ते शेवटचं अंतर. खेळण्याच्याच खोलीत त्या केबलवर दुसरा छोटा राउटर बसवला, तर तेही दोन-तीन मीटरांचंच राहतं आणि मधे कूलर येत नाही.