दिल्लीचा हिवाळा आणि पहाटेचा व्यायाम

पहाटे उठून मोकळ्या हवेत व्यायाम करावा, ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. मात्र राजधानी दिल्ली आणि परिसरात नोव्हेंबर ते जानेवारी या काळात हीच सवय प्रकृतीस अपायकारक ठरू शकते.

याची जाणीव २०१७ मध्ये प्रकर्षाने झाली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये धुरक्याने दिल्लीला वेढले असता इंडियन मेडिकल असोसिएशनने अर्धमॅरेथॉन पुढे ढकलण्याची मागणी केली. दिल्ली उच्च न्यायालयाने स्पर्धेस स्थगिती दिली नाही आणि १९ नोव्हेंबरला ती पार पडली. पुढील महिन्यात फिरोजशाह कोटला मैदानावरील कसोटीत श्रीलंकेचे खेळाडू मुखपट्टी लावून खेळले. २०२२ पासून ही अर्धमॅरेथॉन ऑक्टोबर महिन्यात घेतली जात आहे.

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते व तिच्यालगतची हवाही गारठते. वरच्या उबदार हवेचा थर झाकणासारखे काम करतो आणि धूर, धूळ खालीच कोंडली जाते. ऊन तापल्यावर हवा वर-खाली मिसळू लागते. त्यामुळे पहाटेपेक्षा दुपारची हवा सहसा कमी दूषित असते.

विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्ती मिनिटाला सुमारे सहा ते आठ लिटर हवा श्वासावाटे घेते. वेगाने धावताना हे प्रमाण साठ लिटरांहून अधिक होते. शिवाय तोंडाने श्वास घेतल्याने नाकातील नैसर्गिक गाळणी निरुपयोगी ठरते. अडीच मायक्रॉन वा त्याहून लहान कण फुफ्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

बाहेर पडण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर नजीकच्या केंद्राची नोंद पाहावी. मंडळाच्या दैनंदिन पत्रकातील निर्देशांक चोवीस तासांची सरासरी दर्शवितो. त्यामुळे त्या वेळची स्थिती वेगळी असू शकते. निर्देशांक २०० च्या वर असल्यास धावण्याऐवजी थोडा वेळ सावकाश चालावे. तो ३०० च्या वर गेल्यास घरातच सूर्यनमस्कार, जोर-बैठका किंवा योगासने करावीत. दमा, हृदयविकार असलेल्यांनी, तसेच वृद्ध आणि मुलांनी अधिक खबरदारी घ्यावी. चेहऱ्यावर घट्ट न बसणारी मुखपट्टी सूक्ष्म कण रोखू शकत नाही. घट्ट मुखपट्टी लावून धावल्यास दम लागतो.

थंडीत स्नायू आखडलेले असतात. त्यामुळे व्यायामापूर्वी दहा मिनिटे हलक्या हालचाली कराव्यात. काही आठवड्यांच्या खंडानंतर पूर्वीचे अंतर एकदम धावल्यास गुडघा व घोट्याला दुखापत होण्याचा संभव असतो. अंतर हळूहळू वाढवावे. छातीत जखडल्यासारखे वाटल्यास किंवा खोकल्याची उबळ आल्यास व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

गूळ खाल्ल्याने फुफ्फुसे स्वच्छ होतात, असा समज आहे. मात्र फुफ्फुसांत गेलेले कण त्यामुळे निघून जातात, हे सिद्ध झालेले नाही. डाळी, कडधान्ये, पालेभाज्या, आवळा, पेरू यांचा समावेश असलेला चौरस आहार आणि पुरेसे पाणी शरीराची प्रतिकारशक्ती टिकविण्यास साहाय्यभूत ठरते. दूषित हवेपासूनचे संरक्षण मात्र आहारातून मिळत नाही.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हिवाळ्यात ही मिनिटे कमी करण्याचे कारण नाही. वेळ आणि जागा तेवढी बदलावी लागेल.