गार वारा सोडणारा हीटर आणि बोअरचं पाणी

मार्गशीर्ष वद्य दशमीला गोंदवल्यात ब्रह्मचैतन्य महाराजांची पुण्यतिथी असते. पहाटेच्या कार्यक्रमाला पोचायचं म्हणून माणसं रात्रीच गाड्या काढतात. सातारा-पंढरपूर रस्त्याच्या उघड्या माळावर गारठा अंगावर येतो, काचा आतून धुरकट होतात, हीटर लावावा तर गार वारा. मग कुणीतरी सांगतं, "गॅस संपला असेल, भरून घे."

गॅस एसीला लागतो, हीटरला नाही. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिनाभोवती फिरणारं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून जातं. त्याला हीटर कॉइल म्हणतात. पंखा त्यावरून हवा ढकलतो, की झाली हवा गरम. एरवी वाया जाणारीच ही उष्णता असल्याने हीटर लावल्यावर इंधन जास्त जातं ही भीतीही खोटी. लागते ती पंख्यापुरती वीज. मात्र गाडी सुरू केल्याबरोबर ऊब मिळणार नाही. आधी इंजिन तापावं लागतं.

गोंदवल्याच्या आमच्या माण तालुक्यात खरा घोटाळा पाण्याचा आहे. "आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? कूलंट कशाला, साधं पाणी चालतं," हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही. कूलंट पाणी गोठू देत नाही हे खरं, पण त्याचं तेवढंच काम नाही. तो गंज रोखतो आणि पाण्याचा उकळबिंदू वाढवतो. आपल्या बोअरचं पाणी क्षारांचं. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर धरतो, तोच इंजिनात धरतो. हीटर कॉइलच्या नळ्या बारीक, म्हणून तिथं तो लवकर नडतो. गंजाचा गाळही तिथंच अडकतो. रेडिएटर त्या मानाने मोठा, त्यामुळे गाडी ठीक चाललेली दिसते आणि हीटर मात्र मेलेला असतो. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलाच कूलंट घ्यावा. तयार मिसळलेला नसेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं, बहुधा निम्मं-निम्मं. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी उत्तरेत स्थिरावलेल्या आपल्या माणसांनी तर हे विसरूच नये. उन्हाळ्यात गावी भरलेलं साधं पाणी तिकडच्या शून्याखालच्या रात्री गोठून फुगलं, तर इंजिनालाच तडा जाऊ शकतो.

दुसरी जुनी खोड म्हणजे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं. हा वॉल्व्ह साधारण 80 ते 90 अंशांना उघडतो आणि तोवर पाणी रेडिएटरकडे सोडत नाही. तो काढला, किंवा उघडाच अडकला, की हिवाळ्यात इंजिन पुरतं तापत नाही, तापमानाचा काटा खाली रेंगाळतो, हीटर कोमट राहतो, वर इंधन जास्त जातं. गाडी तापत होती त्याचं मूळ कारण तसंच राहतं, ते वेगळंच.

दोष कुठे आहे हे बऱ्याचदा घरीच कळतं. इंजिन गार असताना टाकीतली कूलंटची पातळी बघा; इंजिन गरम असताना या टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी उसळतं. मग गाडी चांगली तापवून बंद करा आणि इंजिनाकडून केबिनच्या भिंतीत शिरणाऱ्या दोन रबरी पाइपांना जाड फडक्यातून जपून हात लावा. दोन्ही कडक गरम असतील तर पाणी नीट फिरतंय; हवा वळवणारी आतली झडप किंवा तिची केबल अडकली असणार. एक गरम, दुसरा गार असेल तर कॉइल तुंबलेली, नाहीतर पाण्याचा वॉल्व्ह बंद. दोन्ही गार असतील तर कूलंट कमी, हवा अडकलेली किंवा थर्मोस्टॅट बिघडलेला. वाराच येत नसेल तर आधी फ्यूज बघा. पंखा फक्त शेवटच्या नंबरवर फिरत असेल तर बहुतेकदा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो.

धावत्या गाडीत काटा वर चढला आणि हीटर अचानक गार पडला, तर कूलंट गळून गेल्याचा संशय घ्या आणि गाडी तिथंच थांबवा. आत गोडसर वास, काचेवर तेलकट थर, पायाखालची मॅट ओली, ही कॉइल गळाल्याची चिन्हं. अशा वेळी काही जण ते दोन पाइप एकमेकांना जोडून कॉइल वगळतात. गळती थांबते, हीटर कायमचा जातो. जुनी गाडी घेताना हे पाइप जरूर बघा.

आणि काचेवरच्या धुक्यासाठी हीटरबरोबर एसीही लावा, बाहेरची हवा आत घ्या. एसी हवेतला दमटपणा काढतो, हीटर काच उबदार ठेवतो.